तात्यांच्या पडवीतला तास

दिवाळी अंकात अनुभव लिहायचे ते निवृत्त माणसांनी, असा रिवाज आहे. मी एकोणतीस वर्षांची आहे आणि निवृत्त होता येईल असं काम मला अजून कोणी दिलेलं नाही. मी एका छोट्या संघटनेची पत्रकं वाटते. सात वर्षं वाटते आहे. विषय एकच: सरकार आपल्यावर ठेवतं ती नजर, आणि ती ठेवता यावी म्हणून आपण हौसेने देतो ते अंगठे, फोटो आणि नंबर. संपादक म्हणाले, ‘एखादा विजय लिहा.’ विजय नाही. जे आहे ते लिहिते.

गावाचं नाव देणार नाही. भाट्याचा पूल ओलांडून पुढे, खाडीच्या अंगाला, एवढंच. माणसांची नावं बदलली आहेत. ज्या बाईंची ही गोष्ट आहे त्यांना छापायला देण्याआधी सगळं वाचून दाखवलं. त्यांनी दोन ठिकाणी ‘हे काढ’ म्हटलं. काढलं.

आधी धंदा समजून घ्या. पत्रक पांढऱ्या कागदावर छापायचं नाही. पांढरा कागद दिसला की माणसाला वाटतं वीज तोडायची नोटीस आली, आणि तो न वाचता देवाच्या फोटोमागे खोचून ठेवतो. पिवळा कागद घ्यायचा. छातीच्या उंचीवर धरायचा. पोटाशी धरला तर भीक मागितल्यासारखं दिसतं. समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. आणि अर्ध्या तासाने त्याच वाटेने परत चालायचं, लोकांनी टाकलेली पत्रकं उचलायची आणि मोजायची. तीच आपली परीक्षा. शंभरातली साठ पडली तर मजकूर फसला.

हे सगळं मला अण्णांनी शिकवलं. अण्णांचा रत्नागिरीत एका बोळात छोटा छापखाना आहे. कुठल्या ना कुठल्या आंदोलनाची पत्रकं छापण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांचा मुख्य नियम असा: ‘आकडा लोक विसरतात. माणूस दाखव. एक खरा माणूस, एक खरी गोष्ट.’ पुढे जे झालं ते हा नियम मोडल्यामुळे झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. मी तो तंतोतंत पाळला होता.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची भेटतात. एसटी स्टँडबाहेरच्या एका रिक्षावाल्याने पत्रक पूर्ण वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं आणि म्हणाला, ‘ताई, माझ्यात बघण्यासारखं काय हाय? बायको पण बघत नाय.’ दापोलीला विद्यार्थ्यांपुढे वादविवाद होता, विषय ‘सुरक्षा मोठी की खासगीपण’. मी खासगीपणाच्या बाजूने बोलले आणि जिंकले. टाळ्या पडल्या. बाहेर एका मोबाइलवाल्याचं टेबल होतं. नाव, नंबर, जन्मतारीख लिहा आणि सोडतीत इअरफोन जिंका. टाळ्या वाजवणारी सगळी पोरं तिथे रांगेत. 

तर हे गाव. तिथली निम्म्याहून जास्त घरं वर्षाचे अकरा महिने बंद असतात. माणसं मुंबईला. गणपतीत आणि शिमग्याला येतात. पूर्वी कुलूप लावून जायची, आता कॅमेरा लावून जातात. पडवीच्या कोपऱ्यात पांढरा, मुठीएवढा, मान वळवणारा कॅमेरा. त्याला कान असतो, तोंडही असतं. मालक मुंबईतून बघतो आणि बोलतो.

मी पहिल्यांदा गेले ती वैशाखातली दुपार होती, बाराच्या सुमाराची. रस्त्यावर कुत्रं नाही. जांभ्या दगडाच्या बुटक्या गडग्यांमधून वाट. पहिल्या घराच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, पाय टाकला. पडवीतून बाईचा आवाज आला, ‘कोण पाहिजे?’ दार बंद, खिडक्या बंद, दाराला कुलूप. मी म्हटलं, ‘पत्रक द्यायचंय.’ आवाज म्हणाला, ‘कडीत अडकवा आणि जा.’ पुढच्या घरात पुरुषाचा आवाज. त्याच्या पुढच्या घरात कोणीच बोललं नाही, पण मी खळं ओलांडेपर्यंत त्या पांढऱ्या मुठीने माझ्याबरोबर मान वळवली. चौदा बंद घरं मी त्या दुपारी केली. दुसऱ्या दिवशी पत्रकावरच्या नंबरवर एकाचा फोन आला. विषयाबद्दल तो एक शब्द बोलला नाही. म्हणाला, ‘काल आमच्याकडे आलात तेव्हा तुमच्या डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला होता. गावात चांभार नाही, पुलाअलीकडे मिळेल.’ चांगलाच माणूस असणार. मी ती चप्पल परत घातली नाही.

मी तिथे का गेले होते ते सांगते. ग्रामपंचायतीकडे एका सरकारी कार्यालयाचं पत्र आलं होतं. गावातले सगळे खासगी कॅमेरे कार्यालयातल्या एका भिंतीला जोडायचे. चोऱ्या थांबतील, दर्यावरून येणारं कोणी दिसेल, वगैरे. पत्रात कलम नव्हतं, मुदत नव्हती. कोण बघणार, किती दिवस साठवणार, विचारायचं कोणाला, काही नव्हतं. ‘सहकार्य अपेक्षित’ होतं. ज्या कागदावर सरकार आपली सही करायला लाजतं तो कागद आपल्याकडून मात्र सही घेऊन जातो, हे मी सात वर्षांत पाहिलेलं आहे. गावाने ग्रामसभेत ठराव करून होय म्हणायचं होतं. मला त्या ‘होय’चं ‘नाही’ करायचं होतं.

त्या दुपारी शेवटच्या घरी, तात्यांच्या घरी, मला सुमनकाकी भेटल्या. काकी बौद्धवाडीतल्या. पन्नाशीच्या. अकरा बंद घरांच्या चाव्या त्यांच्याकडे. झाडायचं, वाळवी बघायची, नळ जरा सोडून बंद करायचे, आठवड्याने दारं उघडून घरांना वारा द्यायचा. मी खळ्यात पाय ठेवला आणि पडवीतून म्हाताऱ्याचा खरखरीत आवाज आला, ‘कोण आलंय? थांबा, आलोच.’

मी थांबले. कोणी आलं नाही. मग आतून बाई म्हणाली, ‘येऊ नका तात्या, मी बघतंय.’

काकी पडवीतल्या झोपाळ्यावर बसल्या होत्या. केस मोकळे, पाय लांब सोडलेले, पदर मांडीवर. मला बघून त्या दचकल्या नाहीत, पण पाय जवळ घेतले.

‘तात्यांना त्रास नका देऊ, मी इथूनच देते,’ मी म्हटलं.

‘तात्या जाऊन वरीस झालं,’ काकी म्हणाल्या. ‘कॅमेऱ्यात भरून ठेवलेला आवाज हाय तो. मांजर गेलं तरी बोलतात. पान पडलं तरी बोलतात. मंदारला काढवत नाय. बापाचा आवाज ना.’

मंदार म्हणजे तात्यांचा मुलगा, मुंबईत असतो. मी विचारलं, ‘आणि तुम्ही त्याला उत्तर देता?’

‘मानूस विचारतोय तर गप कसं बसायचं? बस गो बाय, उन्हाची आलीस.’

मी पायरीवर बसले. वर कॅमेऱ्याचा बारीक दिवा होता, हिरवा. ज्या घरांतून कोणी बोललं नव्हतं तिथला लाल होता. मी ते पाहिलं आणि सोडून दिलं.

काकींनी मला त्या दिवशी जे सांगितलं ते मी सात वर्षांत कुठल्याही पुस्तकात वाचलं नव्हतं. त्या म्हणाल्या, ‘बाकी दहा घरांत मालक वरून बोलतात. काकी डावीकडं जळमट राहिलं, काकी तो माठ उचला. वाकून झाडायला पन लाज वाटते, मागं कोण बघत आसंल. घरी सून, नातू, एक खोली. हितं फक्त मेलेला मानूस बोलतो, बघत कोन नाय. म्हनून एक ते दोन मी हितं बसतंय. केस सोडतंय. काय करत नाय. मानसाला एक तास आसा लागतो.’ मग हळूच म्हणाल्या, ‘माझी सासू ह्याच खळ्यात भात सडायला यायची. ह्या पायरीच्या वर कधी आली नाय ती. मी झोपाळ्यावर बसतंय. कुनाला सांगायचं नाय हां.’

मी ‘नाही’ म्हटलं.

शहरात येऊन अण्णांना सांगितलं. अण्णा शिशाचे खिळे जुळवण्याच्या काळातले, कंपोझ करताना आता संगणकापुढेही ओठ हलवतात. ऐकून त्यांचे ओठ थांबले. म्हणाले, ‘मिळाला तुला तुझा माणूस.’ आम्ही नाव घातलं नाही. ‘या गावात एक बाई आहे,’ एवढंच लिहिलं. मेलेल्याचा आवाज, बंद घर, झोपाळा, मोकळे केस, एक तास. शेवटी लिहिलं: हा तासही सरकारला हवा आहे, द्यायचा का? मला अजूनही वाटतं, मी लिहिलेलं ते सगळ्यात चांगलं पत्रक होतं.

काकींना विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. नाव नव्हतं ना. हजार ठिकाणी मी बोंबलून सांगितलं होतं की नाव काढलं म्हणून माणूस लपत नाही, चार खुणा जोडल्या की ओळख पटते. हे मी कंपन्यांबद्दल सांगत होते. पत्रकाबद्दल नव्हते सांगत.

ग्रामसभा शाळेच्या खोलीत भरली. सकाळी दहाला. त्याआधी मी घरोघर पत्रक दिलं. ठरावाच्या बाजूने बोलायला गुरुजी उभे राहिले, गावातल्याच शाळेत आयुष्य काढलेले, माणूस सरळ. म्हणाले, ‘ही मुलगी शिकलेली आहे, तिचं ऐका. पण माझंही ऐका. मागच्या पावसाळ्यात आमची ही परसात पाय घसरून पडली. मी पोस्टात गेलो होतो. मुलाने मुंबईतून कॅमेऱ्यात बघितलं आणि शेजारी फोन केला. नाहीतर आज ती नसती. ज्याला लपवायचं नाही त्याने भ्यायचं कशाला?’

गुरुजींची बायको पहिल्या ओळीत बसली होती. मी उठून काय बोलणार? बोलले तरीही. मुलाने बघणं वेगळं आणि भिंतीने बघणं वेगळं. मुलाला तुम्ही रागावू शकता, भिंतीला नाही. आज चोर बघतील, उद्या मोर्चाला कोण गेलं ते बघतील, परवा कोण कोणाच्या घरी जेवलं ते. मी तीन प्रश्न विचारले: कोण बघणार, किती दिवस ठेवणार, चुकलं तर जबाबदार कोण? सरपंच म्हणाले, ‘ताई, ते वरून आलंय.’

खोली माझ्या हातातून जात होती. वक्त्याला ते कळतं. लोक पंख्याकडे बघायला लागतात. मग मी पत्रक काढलं आणि तो परिच्छेद मोठ्याने वाचला.

पंखा बघणारे थांबले. मला वाटलं, जिंकले. आणि मग एकेक करून सगळ्या माना मागे वळल्या. माझ्याकडे कोणीच बघत नव्हतं. दाराशी, बायकांच्या शेवटच्या ओळीत सुमनकाकी बसल्या होत्या. त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि तशाच बसून राहिल्या. उठल्या नाहीत. उठून गेल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

‘झोपाळ्यावर होय,’ कोणीतरी पुरुष म्हणाला. एवढंच.

ठराव हात वर करून मंजूर झाला. काकींनी हात वर केला नाही, खालीही ठेवला नाही, पदर धरून होत्या. बाहेर आल्यावर मी सवयीने वाटेवर चालले, पडलेली पत्रकं उचलायला. एकही पडलेलं नव्हतं. सात वर्षांत पहिल्यांदा. प्रत्येकाने घरी नेलं होतं.

आमच्या संघटनेने त्या कार्यालयात लेखी हरकत घेतली आणि रीत म्हणून सोबत पत्रक जोडलं. पंधरा दिवसांनी मला बोलावणं आलं. तिथले साहेब तरुण होते, माझ्याच वयाचे. चहा मागवला. माझं पिवळं पत्रक फाईलला लावलेलं, चार ओळींखाली पेन्सिलची रेघ.

‘छान लिहिता,’ ते म्हणाले. ‘आमच्या लक्षातच आलं नसतं. मयताच्या नावावर चालू असलेलं कॅमेऱ्याचं खातं आहे हे. चौकशी लावावी लागली.’

‘हरकतीचं काय झालं?’

‘ती वेगळ्या टेबलला. हे बघा, तात्यांच्या चिरंजीवांनी पूर्ण सहकार्य केलं. ते म्हणतात, वडील गेल्यापासून त्यांनी ते ॲप उघडलेलंच नाही. त्यांच्याच्याने होत नाही.’ साहेबांनी कागद माझ्याकडे वळवला. ‘पण नोंदीत दिसतंय, कोणीतरी रोज उघडतं. दुपारी एक वाजता. तासभर. मग बंद.’

खोलीत वातानुकूलन होतं, त्यामुळे मला थंडी वाजली असं समजून त्यांनी ते कमी केलं.

‘कोण?’ मी विचारलं.

‘तेच बघतोय.’

‘तुमच्यापैकी कोणी?’

‘आमची जोडणी तर ठरावानंतरची ना, ताई,’ ते जराही न दुखावता म्हणाले. ‘कॅमेरा बसवणारा असेल, त्याला पासवर्ड माहीत असतो. तात्यांचा जुना फोन कोणाच्या हाती लागला असेल. फाईल वर गेलीय.’

वर्षभर. त्या बाईने केस सोडले की कोणीतरी कुठेतरी बसून बघत होतं, आणि ती म्हणत होती की इथे बघत कोण नाही. आणि हे आम्हाला कळलं ते सरकारमुळे, आणि सरकारला कळलं ते माझ्यामुळे. फाईल अजून वरच आहे. मी माहितीच्या अधिकारात तीनदा अर्ज केला. उत्तर आलं, गोपनीय. तो कोण होता ते आजही माहीत नाही.

मी काकींना जाऊन सांगितलं. सांगणं माझं कर्तव्य होतं असं मी स्वतःला समजावलं. त्या एका घराच्या मागच्या दारी नारळाच्या झावळ्या ओढत होत्या. ऐकून थांबल्या. मग म्हणाल्या, ‘तरीच. मी बसलंय की तो दिवा लालचा हिरवा व्हायचा. मला वाटायचं, सावलीनं होत आसंल.’ आणि परत झावळ्या ओढायला लागल्या.

महिन्याभराने ती भिंत सुरू झाली. टीका करणाऱ्यांनी येऊन बघावं, आमच्यात लपवण्यासारखं काही नाही, म्हणून साहेबांनी मलाही बोलावलं. मी गेले. भिंतभर चौकोन. एकेका चौकोनात एकेक रिकामी पडवी. तुळस. पाटी. वाळत घातलेली आणि उचलायची राहिलेली चटई. दोन माणसं खुर्च्यांवर बसून माणूस नसलेली घरं बघत होती. सगळं निःशब्द. एका चौकोनातून मांजर निघालं आणि बऱ्याच वेळाने दुसऱ्या चौकोनात आलं.

आणि एका चौकोनात काकी. झोपाळ्यावर नाही, लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. ताठ. केस घट्ट बांधलेले, पदर दोन्ही खांद्यांवर. समोर बघत. आमच्याकडे.

‘ह्या बाई रोज एक ते दोन,’ खुर्चीवरचा एकजण कौतुकाने म्हणाला. ‘आम्ही ह्यांच्यावर घड्याळ लावतो.’

‘त्यांना विचारलंय का?’ मी साहेबांना विचारलं.

‘घरमालकांची लेखी संमती आहे.’

‘बाईंची?’

साहेबांना प्रश्न खरोखर कळला नाही. ‘बाई तिथे कामालाच आहेत ना?’ ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी पूल ओलांडला. मुद्दाम एक वाजता. खळ्यात पाय ठेवला. ‘कोण आलंय? थांबा, आलोच.’ या वेळी आतून तात्यांना कोणी उत्तर दिलं नाही.

‘काकी, मी.’

‘दिसलीस. पायरीवर बस. तोंड खळ्याकडं कर. नि जरा हस, रडवं तोंड घेऊन कोन आलं तर म्हातारी घाबरते.’ त्यांचे ओठ जेमतेम हलत होते, आवाज पायरीपुरता. मीही तसाच लावला.

म्हातारी म्हणजे तात्यांची बायको. मुलाकडे अंथरुणाला खिळलेली. चौकशीच्या वेळी मंदारने ॲप उघडून दिलं तेव्हा तिने आपली पडवी बघितली, पडवीत काकी बघितल्या, आणि तेव्हापासून तिला रोज बघायचं असतं.

‘मंदार चांगला हाय,’ काकी म्हणाल्या. ‘रागावला नाय. म्हनाला, काकी बसा तुम्ही बिनधास्त, रोज बसा, आईला बरं वाटतं घरात कोन दिसलं की. खुर्ची धाडलीन. म्हनला, झोपाळा हलतो तर आईला गरगरतं.’

‘मी माफी मागायला आलेय.’

‘माग. हसून माग.’

मी हसत माफी मागितली. असं काम माझ्या धंद्यात कधी करावं लागलं नव्हतं.

‘तुम्ही नाही म्हणा ना,’ मी म्हटलं. ‘हे काम नाही तुमचं.’

‘अकरा घरांच्या चाव्या हायत. एकानं काढून घेतली की बाकीचे धाजन काढतात. आदीच लोक बोलतायत झोपाळ्यावरून. तू काय, कागद वाटतंस नि जातंस.’

वर दिवा हिरवा होता. त्याच्यामागे म्हातारी होती, दोन खुर्च्यांवरची माणसं होती, आणि कदाचित तो तिसराही होता, ज्याची फाईल वर गेली होती.

‘मग तुमचा तास?’ मी विचारलं. ‘तो तुमचा असा तास?’

काकींनी पहिल्यांदा मान हलवून माझ्याकडे बघितलं.

‘हाय,’ त्या म्हणाल्या. ‘दुसरीकडं. दुसऱ्या टायमाला.’

‘कुठे?’ माझ्या तोंडून गेलंच.

‘तुला सांगू?’ काकी म्हणाल्या, आणि आता त्या खरंच हसल्या. ‘तुला?’

दोन वाजले. काकींनी खुर्ची भिंतीला लावली, कॅमेऱ्याकडे बघून ‘येतंय वहिनी’ म्हणाल्या आणि दाराला कुलूप घातलं. आम्ही तिठ्यापर्यंत बरोबर चाललो. तिथे त्या थांबल्या. मी भाट्याच्या रस्त्याला लागले तरी त्या तिथेच उभ्या होत्या, मी जायची वाट बघत. पुढे वळण आहे. वळणावरून तिठा दिसतो आणि तिथून निघालेला माणूस कुठल्या वाटेला लागतो तेही दिसतं. मी मागे बघितलं नाही.